बत्याआत्याच्या पत्त्यांत टेल्युरियम

नेतिवोत,
मे १९७६

प्रिय त्सिला,

अरादच्या केमिस्ट्रीच्या बाईंना त्यांच्या आईचा शालोम. पत्र मिळालं. बग्रुतचे पेपर तपासायचे आहेत, ओर्नाच्या मेंदीला जमणार नाही, थेट लग्नाला येईन, असं लिहिलंस. तुझे पप्पा म्हणाले, सरकारी परीक्षा आहे, काय करणार. या देशात विमानातून उतरल्यापासून हा माणूस सरकारी म्हटलं की उभा राहतो. मी बसूनच आहे.

इकडे तयारी जोरात आहे. होणारा जावई उझी बस चालवतो म्हणजे सगळं वऱ्हाड फुकट येणार, अशी पप्पांची समजूत. आणि तुझी बत्याआत्या, जी पुरीमच्या सणापर्यंत म्हणत होती की थोरलीच्या आधी धाकटी उजवली तर लोक विचारतील थोरलीत खोट काय, ती आता मलिद्याला पोहे किती भिजवायचे यावरून माझ्याशी भांडते. ही करणी तुझी.

तो शनिवार मला अजून दिसतो. शब्बाथ सुटल्यावर आत्या रमी मांडून बसलेली, पप्पा वर्तमानपत्रामागे लपलेले, ओर्ना स्वयंपाकघरात रडत. तू आत्याचे पत्ते काढून घेतलेस आणि टेबलावर ओळी लावायला लागलीस. मूलद्रव्यांचा तक्ता ज्याने मांडला त्याचा नियम म्हणे असा, की हलकं आधी, जड मागून. आणि एका स्वभावाची एकाखाली एक यावीत. सगळं जमत गेलं आणि टेल्युरियमपाशी अडलं. ते आयोडीनहून जड, म्हणजे मागे जायला हवं. पण तसं केलं तर आयोडीन क्लोरीन-ब्रोमीन ही आपली माणसं सोडून भलत्याच घराण्यात जाऊन पडतं. त्याने खुशाल टेल्युरियम पुढे बसवलं आणि म्हणाला, वजनच चुकलं असेल. लोकांनी पुन्हा पुन्हा तोललं, ते काही कमी भरेना. जागा बरोबर, वजनही बरोबर; वजनावर रांग लावायची, हा नियमच अपुरा होता. खरा क्रम अणूच्या गाभ्यातल्या विद्युतभाराचा, हे कळेपर्यंत तो बिचारा वारला होता.

आत्याला आयोडीन खरचटलं की लावायचं एवढंच ठाऊक, पण बाई रमी खेळणारी. तिने लगेच पकडलं, की तुझ्या तक्त्यातही जड तीच आधी गेली ना, मग थोरली आधी म्हणते त्यात मी वेगळं काय सांगते? आतून ओर्ना ओरडली, दाय, दोदा, पुरे आता आत्या. मला वाटलं, संपलं, माझी कॉलेजात शिकलेली पोर एका पत्त्यावर हरली.

तू हसलीस. म्हणालीस, ती जड म्हणून आधी गेली नाही आत्या, तिचं जिथे जमतं तिथे बसली. ओर्नाचं उझीशी जमलंय. माझं अजून कुणाशी जमलेलं नाही, जमेल तेव्हा जमेल. तोवर तिला माझ्या नावाने थांबवू नका. हे बोलताना तू मान खाली घातली नाहीस. आत्याने पत्ते गोळा केले, पिसले, आणि विचारलं की हॉल किती माणसांचा घ्यायचा.

तेव्हापासून दवाखान्याच्या रांगेत, ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही मी सांगते की माझी थोरली अरादला केमिस्ट्री शिकवते.

आता त्या पेपरांचं. मी पोस्टात जाऊन तुझ्या शाळेला फोन लावला. बग्रुत लग्नानंतर सुरू होते. गेल्या खेपेला बसस्टॉपवर आत्याने तुझ्या कानात काय घातलं, तेही मला कळलंय: पहिली मेंदी सवाष्णीने लावायची, बिनलग्नाच्या थोरल्या बहिणीने जरा मागे बसावं. एक नियम सोडावा लागला म्हणून बाईने दुसरा धरला. हे पत्र त्यासाठीच. ओर्नाच्या बोटाला पहिली मेंदी तू लावणार, असं मी सगळ्यांना सांगून टाकलंय. तरीही तू मागे बसलीसच, तर मीसुद्धा उठून तुझ्याशेजारी येऊन बसेन. मग नवरीची आई बघायला सगळ्यांनी खुशाल माना वळवाव्यात.

तुझीच,
मिरवणारी आई