धडगाव म्हणजेच अक्राणी

ब्राह्मणपुरी, शुक्रवार

प्रिय हेमराज,

‘प्रिय’ लिहून खोडलं होतं. पण पत्र असंच सुरू करायचं असतं, म्हणून पुन्हा लिहिलं.

आप्पांनी पेपरात तुझं नाव वाचलं आणि कौतुकाने मला दाखवलं. सरकारी माहिती संगणकावर मोफत देणाऱ्या अकरा सेवांची, म्हणजे एपीआयची, तुलना, लोणखेड्याच्या तरुणाची कामगिरी. मग तुझा तक्ता उघडला. कोणत्या सेवेला आधी नोंदणी लागते, कोणती दिवसात हजार वेळा विचारलं की गप्प बसते, कोणाची आकडेवारी शिळी आहे. ‘शिळी’ हा शब्दसुद्धा माझाच. सात महिने मी एकेक सेवा तपासत होते आणि तू शेजारच्या खुर्चीत शेंगा खात होतास.

शाळेत जायच्या आधी आप्पांनी ओसरीवर मला अक्षरं शिकवली, तेव्हाच सांगितलं होतं, “उतारनं व्हई तर उतार, पन खाले ज्यानं शे त्यानं नाव लिख.” तुझ्या घरी हे कुणी सांगितलं नसावं.

एक ओळ मात्र तू उतरवली नाहीस. तक्त्याखालची माझी टीप: धडगाव म्हणजेच अक्राणी. काही सेवांत तालुक्याचं एक नाव, काहींत दुसरं. दोन्ही एकच धरली नाहीत तर माहिती जोडताना अख्खा तालुका गळतो. तू म्हणाला होतास, “रूपाली, ह्या टिपा काढी टाक, गावठी दिसतस.” काढल्यास. आता ह्या सेवांची माहिती जोडून तू केलेल्या नकाशावर तो डोंगरातला तालुका कोरा आहे, आणि त्याच नकाशावरून एक संस्था फिरत्या दवाखान्याच्या गाड्या ठरवते आहे.

हे दिसलं तेव्हा, खरं सांगते, मी हसले. मग स्वतःची लाज वाटली. संस्थेच्या सुषमाताईंना लगेच फोन केला. गाडी धडगावला जाईल. “हे तुला कसं कळलं?” असं त्यांनी मला विचारलं, म्हणून माझा मूळ तक्ता पाठवला, प्रत्येक बदलाच्या तारखेसकट. सोमवारच्या बैठकीत त्या सगळ्यांसमोर तुला एकच प्रश्न विचारणार आहेत: तुझ्या नकाशावर धडगाव कुठे आहे? प्रश्न मीच सुचवला.

तुला आधी सांगावं का, याचा दोन दिवस घोर लागला होता. पण सांगितलं असतं तर तू ती ओळ घातली असतीस, आणि तीही तुझीच झाली असती. म्हणून फोन न करता हे पत्र साध्या टपालाने टाकते आहे. मंगळवारच्या आत ते तुझ्यापर्यंत पुण्याला पोचत नाही, हे पोस्टात विचारून घेतलं आहे.

कधीकाळी तुझीच,
रूपाली