खिडकीकडचे पिंजरे

११ सप्टेंबर

मान मोडून आली. आज छत्तीस स्लाइड. सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला तरी भिंतीवर स्फटिकच दिसतात!

पण निकाल आलाय. खडे व्हावेत असं रसायन सगळ्याच उंदरांना पाजलं होतं; औषधाचं इंजेक्शन दिलेल्यांची मूत्रपिंडं जवळजवळ स्वच्छ. न दिलेल्यांत खड्यांची नुसती खच्चून गर्दी. चार वर्षं हेच सांगत आलेय मी — मूत्रपिंडाच्या पेशीला इजा झाली की तिच्या भिंतीतली कॅल्शियमची दारं, म्हणजे चॅनेल, सताड उघडतात. कॅल्शियम आत घुसतं, पेशी बिघडते आणि स्फटिक तिथंच चिकटून बसतात. औषधाने दार लावा, खडा धरणार नाही.

लागलं दार! नाचायला हवं होतं. झोप येतेय फक्त.

१२ सप्टेंबर

गावाहून, मुयनाकहून, बाबांचा फोन. "काय गं, लागलं का तुझं दार?" हो म्हटलं. "मग माझी गोळी कधी?" तीनदा खडा झालाय त्यांना. मागच्या वेळी उशी दातात धरून लोळत होते. म्हटलं, हिवाळ्यात माणसांवर चाचणी आहे, यादीत पहिलं नाव तुमचंच.

बोलून तर बसले.

१९ सप्टेंबर

तक्ते, तक्ते. दाढ दुखतेय.

२३ सप्टेंबर

दुपारी उंदरांच्या खोलीत गेले. तुर्सिनाय अपा, आम्हा सगळ्यांची थोरली ताई, जेवत होत्या. वीस वर्षं उंदीर सांभाळतायत त्या. खरबूज कापलं, आणि स्वतःच्या तोंडात घालण्याआधी उठून खिडकीकडच्या रांगेतल्या नव्या उंदरांना एकेक फोड टाकत गेल्या.

"अपा, हे काय करताय?"

"काय म्हणजे? बघतायत की ते!"

"आधीच्या उंदरांनाही द्यायचात? रोज?"

"खरबूज असेल तेव्हा रोज. बघणाऱ्याचा वाटा काढल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तुझ्यासारखी नाही मी, पाठ करून बिस्किटं खाणारी."

"आणि मागची रांग?"

"त्यांची तोंडं भिंतीकडे. त्यांना कुठं दिसतंय?"

इंजेक्शनवाले सगळे खिडकीकडेच होते. उजेडात टोचायला बरं म्हणून मीच ठेवले होते. आणि प्रयोग झाला ऑगस्टात, ऐन खरबुजांच्या दिवसांत! खरबुजाने लघवी वाढते, तिची आम्लता उतरते — तेवढ्यानेही खडा टळू शकतो. मग वाचवलं कुणी? औषधाने की फोडींनी? आता देवालाच ठाऊक.

ओरडायला तोंड उघडलं, तर अपांनी त्यात फोड घातली. गोड होती. तिथंच स्टुलावर बसून रडले.

२४ सप्टेंबर

आमचे प्रमुख उतेगेन अगा. दार लावून घेतलं त्यांनी. "खरबुजाचं कुणी विचारलंय का? मग लिहू नकोस. चाचणीचे कागद वर गेलेत."

"यादीत माझे बाबा आहेत."

"मग तर तुलाच घाई हवी, पोरी!"

या औषधाने नाडी मंदावते. बाबांची आधीच मंद आहे. खात्री नसलेली गोळी त्यांच्या हातावर ठेवू? पुन्हा करते सगळं, म्हटलं.

"चाराची पाच वर्षं होतील."

होऊ देत. उठून आले. 

२५ सप्टेंबर

अपांना सांगितलं. उलट माझ्यावरच उखडल्या! "वीस वर्षांत एकाने तरी विचारलं का, तुर्सिनाय, तू काय खातेस, कुणाला देतेस?" खरंय. मीही नाही विचारलं.

आता तीन गट. एकाला इंजेक्शन, एकाला काहीच नाही, एकाला फक्त खरबूज. तिसरा अपांच्या हट्टाने. फोडी तराजूत घालताना पुटपुटत होत्या, "वाटा कधी जोखतात का? लाज वाटते गं."

जेवायला त्या आता व्हरांड्यात बसतात.

३० ऑक्टोबर

बाबांना खरं ते सांगितलं. म्हणाले, "म्हणजे थांबायचं."

"हो, बाबा."

"थांबतो. मला कुठं जायचंय?"

कंबर दुखतेय, हे त्यांनी सांगितलं नाही. आवाजावरून कळलं.

२ डिसेंबर

स्लाइड आल्या. इंजेक्शनवाले — खचाखच. काहीच न दिलेले — तेवढेच. दार लावून काडीचा फरक नाही. चार वर्षं!

तिसऱ्या, खरबुजाच्या गटाच्या स्लाइडचा डबा उघडलाच नाही. अंगात त्राण नाही.

३ डिसेंबर

तिसरा डबा. स्वच्छ.

अपा नळीतून बघत म्हणाल्या, "काहीच तर दिसत नाही." तेच तर!

बाबांना फोन केला. गोळी नाही, म्हटलं. उंदरांचं माणसांना लागू पडेलच असं नाही, पण खरबूज काही वाईट नाही. हिवाळ्यासाठी छताला टांगून ठेवलेलं खरबूज उतरवा, कापा आणि खा.

"ते कसं कापू? तुझ्या वाट्याचं आहे ते," म्हणाले. "दर हिवाळ्याला टांगतो. तू येत नाहीस, ते सडतं. हे चौथं."