बरणीवरचं नाव

२ डिसेंबर, मंगळवार

आले एकदाची कर्जत तालुक्यात! शाळा माळावर, चार खोल्या आणि एक लिंब. भाड्याची खोली लहान आहे, पण खिडकीतून ज्वारी दिसते. मुख्याध्यापक वाल्मिक सरांनी चहा पाजून सांगितलं, दोन वर्षं विज्ञानाला बाईच नव्हत्या, पोरं तुमच्यावर तुटून पडतील. पडलीच! आठवीतली मोनिका तर शाळा सुटली तरी हलेना. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, ती गावातल्या हंगामी वसतिगृहात राहते. तिनं विचारलं, बाई, मेलेलं जनावर बरनीत नासत कसं न्हाई? मी तासभर सांगत बसले. ऐकणारं कुणी भेटलं की माझं असंच होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

सरांनी सहल काढली. राहात्याच्या अलीकडे, जिथं मी एम.एस्सी. केलं, त्या विद्यापीठ विभागाचं छोटंसं प्राणिशास्त्र संग्रहालय बघायचं. म्हणाले, तुमी तिथल्याच, तुमची वट असंल. बारा वर्षांत मी तिकडं फिरकलेलेही नाही. तरी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

एकतीस मुलं, एसटीचा अर्ज, संमतिपत्रं. मोनिकाचे वडील फडातून फोनवर म्हणाले, न्या बाई, तुमी हाय म्हनल्यावर आमाला कसली काळजी. 

८ डिसेंबर, सोमवार

संग्रहालयाच्या जुन्या नंबरावर फोन लावला. एका माणसानं उचलला. संथ, खालच्या पट्टीतला आवाज. तारीख सांगितली, मुलं सांगितली. या की, लई दिसांनी येताय, म्हणाला. तुमची बरनी पुसून ठिवतो.

मी नाव सांगितलंच नव्हतं. कोण बोलतंय विचारलं, तर म्हणाला, बन्सी.

बन्सी नावाचे छप्पन्न असतील. फोन ठेवला आणि वह्या तपासत बसले. एकही नीट तपासली गेली नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

आज विभागाच्या ऑफिसात फोन केला. ज्योती म्हणून क्लार्क आहे. ती म्हणाली, संग्रहालयातला फोन कधीच बंद झालाय, बारा वर्षांत तिथं माणूस नेमलेला नाही, किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये असते.

मग मी काय केलं? सरांना सांगितलं, संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद आहे. मोनिका दारातच उभी होती, तिचा चेहरा एवढासा झाला. खोटं बोलायला मला अजूनही वेळ लागत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

शाळेत पत्र आलं. सहलीस परवानगी, शुक्रवार, सकाळी साडेदहा. खाली पेनानं लिहिलेलं: लाल विंचवाची माहिती पंकजा मॅडम स्वतः देतील, त्यांनीच धरलेला आहे.

दुरुस्ती उरकली वाटतं, म्हणत सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

इथं तरी खरं लिहू दे. तो विंचू मी धरलेला नाही. एम.एस्सी.ला प्रत्येकानं आपला नमुना स्वतः पकडून द्यायचा नियम होता, आणि सगळ्यांचे नमुने पकडायचा संग्रहालयातला शिपाई बन्सी. तो नको म्हणत होता, त्या दगडाखाली लई हायेत मॅडम. मीच आग्रह केला. विंचू कुपीत आला, पण त्याआधी त्यानं बन्सीच्या बोटाला नांगी मारली होती.

दवाखान्यात नेईपर्यंत त्याची वाचा गेली. अंग घामानं निथळत होतं, हातपाय गार. डॉक्टर विचारत होते काय चावलं, साप की आणखी काही. त्याची बायको भामाबाई म्हणाली, ह्या मॅडमला इचारा, त्या संगं हुत्या. कुपी माझ्या पर्समध्ये होती. लाल विंचू एवढे दोन शब्द सांगितले असते तर वेगळं औषध दिलं असतं. पण मग नमुना रद्द झाला असता, दगडाखाली हात घालायला मीच लावलं हे निघालं असतं. मी म्हणाले, माहीत नाही. चार वाजता तो गेला. आठवड्यानं मी बरणीवर चिठ्ठी चिकटवली: संग्राहक, पंकजा. त्या नमुन्याला पहिलं बक्षीस मिळालं.

भामाबाई मला भेटायला आली होती. तुमी त्यास्नी दवाखान्यात तरी नेलं, म्हणून माझ्या पाया पडली.

१८ डिसेंबर, गुरुवार

रजा मागितली. सर म्हणाले, बाई, तुमच्याशिवाय सहल कसली. खरं सांगावं म्हणून दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेले. दोनदा परत आले.

फोन वाजला. जुनाच नंबर. उचलला नाही, तरी आवाज आला — या, मी हाय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

एसटीत मुलं गात होती. ज्योतीनं कुलूप काढलं. आत धूळ, पण एकच बरणी लख्ख पुसलेली. माझं नाव. आत नुसतं स्पिरिट. विंचू नाही.

मोनिकानं कपाटाच्या कडेला हात टेकला. किंचाळली. कडेवरून लाल काहीतरी — मी पाहिलं. नीट पाहिलं. ज्योती विचारत होती काय झालं —

दवाखाना. पोरीचा फ्रॉक घामानं चिंब. पाय गार. बाई बाई म्हणत होती, आता तेही नाही.

डॉक्टर पुन्हा विचारतायत. बन्सी दाराशी उभा आहे. दुसऱ्या कुणाला दिसत नाही. तो काही करत नाही. नुसता ऐकतोय, मी काय सांगते ते.

तोंड उघडते, आवाज येत नाही. दोनदा उघडलं. म्हणून लिहितेय. वही दाखवते —

डॉक्टर, विंचू. लाल. उजवी करंगळी. अकरा वाजता. आता बाराला पाच कमी आहेत. पहिल्यांदा तुम्ही विचारलंत तेव्हा माझा आवाज चांगला होता. तेव्हा मी तुम्हाला माहीत नाही म्हणाले, कारण मला —