साखरेच्या पाकातला बर्फ

सालवड, बोईसर
ता. १२ नोव्हेंबर १९६७

तीर्थरूप दादास,
इंदूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सगळं खुशाल. तुझं पत्र नाही म्हणून रागावले होते, पण राग धरून बसायलाही सवड लागते. तारापूरला वीजकेंद्राचं काम जोरात चाललंय. यांची पाळी सकाळची, म्हणजे माझी चूल कोंबड्याच्याही आधी पेटते.

आता गंमत ऐक. यांच्या परदेशी साहेबाची मडम आम्हां फिटरांच्या बायकांना अधूनमधून बंगल्यावर बोलावते. त्यांचा नाताळ जवळ आला, तर तिनं आम्हांला मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत बर्फ पाडायला शिकवलं! झाकणाला आतून एक इवलंसं घर चिकटवायचं, बरणीत पाणी आणि पांढरा चुरा भरायचा, झाकण घट्ट लावून बरणी उलटी उभी करायची. हलवली की घरावर भुरभुर बर्फ पडतो. मी अतिशहाणी, चुऱ्याऐवजी खोबऱ्याचा किस घातला. दोन दिवसांत असा वास सुटला की हे नाक धरून बाहेर जेवायला बसले. शेवटी शेजारची जमना म्हणाली की खोबरं नाय चालायचं, माझ्याकडं अंड्याची टरफलं हायत, ती कुटून घाल. कोंबड्या तिच्या आणि अक्कलही तिचीच. बर्फ झकास पडला.

मग एक बरणी आपल्या नलूसाठी केली. तुझी लेक पाच वर्षांची झाली, आत्यानं कधी काही दिलं नाही असं नको व्हायला. आत कोयनानगरची तुमची खोलीच आहे, मातीची, भाजून रंगवलेली, दार निळं. चुरा सावकाश पडावा म्हणून मडम पाण्यात ग्लिसरीन घालते. पालघरहून आणलेलं माझ्या बरणीतच संपलं, म्हणून नलूच्या बरणीत साखरेचा पाक घातलाय. आईला सांगू नकोस. झाकणाला मेणबत्तीचं मेण लावलंय. यांच्या कामावरचे चिंधूभाऊ तिकडे निघालेत, त्यांच्या हाती पाठवते.

जमीन अजून हादरते का रे? सप्टेंबरातल्या धक्क्यापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. आईला घेऊन सगळे इकडे या, असं किती वेळा लिहायचं? वहिनींना नमस्कार, नलूला पापा. लोभ आहे तेवढा ठेव, वाढवायचा असेल तर पत्र लिहून वाढव.

तुझी,
इंदू


कोयनानगर
ता. २५ नोव्हेंबर १९६७

चि. सौ. इंदूस,
रामकिसनचे अनेक आशीर्वाद.

बरणी न फुटता पोचली. नलू दिवसभर ती उराशी धरून फिरली. निळं दार बघून लगेच म्हणाली की हे आपलं घर, पण मग आपण कुठं आहोत? मी म्हटलं, आत झोपलोय. तिला काही ते पटलं नाही.

पाकाचं मी आईला सांगितलं नाही. पण नलूनं झाकणाच्या कडेला जीभ लावली आणि गोड आहे, गोड आहे म्हणून चाळभर ओरडली. मग काय विचारतेस! आईनं तुझा उद्धार सुरू केला. साखरेसाठी माणसं रेशनच्या रांगेत उभी राहतात आणि ही बया ती बाटलीत कोंडून खेळायला पाठवते, मडमेच्या नादी लागून पोरगी वाया गेली, असं बरंच काही. दोन दिवस पुरलं.

जमिनीचं म्हणशील तर अधूनमधून गुरगुरते, भांडी वाजतात. आई म्हणते, धरणीमाय कूस बदलते, त्यात घाबरायचं काय? सालवडला यायचं नाव काढलं की तिला तिथलं खारं पाणी आठवतं. मीही इथली नोकरी सोडून येऊ कसा? उगाच काळजी करू नकोस.

एक तक्रार आहे. इथं थंडी कडक पडलीय आणि तुझा पाक घट्ट झालाय. बर्फ खाली यायचं नाव घेत नाही. नलू रुसलीय. काही उपाय असला तर कळव. मारुतरावांना नमस्कार. आमची आठवण काढत जा, आईची बोलणी सोडून.

तुझा,
दादा


सालवड
ता. १ डिसेंबर १९६७

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

उपाय सोपा आहे. बरणी चुलीच्या वरच्या फळीवर ठेव. ऊब लागली की पाक सुटेल, बर्फ पडेल आणि नलूचा रुसवाही जाईल.

आईला सांग, साखर माझ्या वाट्याची होती. इकडे आम्ही गुळाचा चहा पितोय आणि कुणी मेलं नाही. खाऱ्या पाण्याचीही सबब नको, जमनाच्या विहिरीचं पाणी गोड आहे. नाताळात यांना सुटी आहे, तेव्हा या. केळव्याला जाऊ, नलू वाळूत खेळेल. धरणीमायनं मोठी कूस बदलली तर काय करणार आहात तुम्ही? माझं डोकं नुसतं उठतं. या पत्राला उत्तर नको, माणसं हवीत.

तुझी,
इंदू


सालवड
ता. १२ डिसेंबर १९६७

दादा,

नमस्कार. काल पहाटे भाकरी थापत होते. फळीवरच्या माझ्या बरणीत आपोआप बर्फ पडायला लागला. वाटलं, उंदीर असेल. उंदीर नव्हता. मग तांब्या लवंडला आणि जमना बाहेरून ओरडली की घरात ऱ्हाऊ नको, भायेर ये. इथं कुणाला काही झालं नाही. मी हसतसुद्धा होते रे. नंतर रेडिओवर कोयनेचं नाव ऐकलं.

हे कालच निघालेत. मला नेलं नाही, रस्ते कसे असतील कुणास ठाऊक म्हणाले. तारेचं उत्तर नाही. ती बरणी मी उशीच्या कपड्यात गुंडाळून ठेवलीय, मला बघवत नाही. कुणाच्याही हातानं एक ओळ पाठव. आई, तू मला शिव्या दे, हव्या तेवढ्या दे, पण दे गं.

इंदू


कोयनानगर
ता. १५ डिसेंबर १९६७

चि. सौ. इंदूस,
अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच. आई, तुझी वहिनी, नलू आणि मी, चौघंही जिवंत आहोत. कुणाचं हाडसुद्धा मोडलेलं नाही. आता बस, पाणी पी आणि पुढचं वाच.

घर गेलं. आमची सगळी चाळ बसली. शेजारची काही माणसं गेली, त्यांची नावं आज माझ्यानं लिहवत नाहीत.

आम्ही कसे वाचलो ते सांगतो. तुझ्या सांगण्यावरून बरणी चुलीवरच्या फळीवर ठेवली होती. त्या रात्री थंडी फार, म्हणून चुलीत मोठं लाकूड घातलं. मेण वितळलं, झाकण सुटलं आणि पाक भिंतीवरून ओघळत आई आणि नलूच्या अंथरुणात उतरला. पहाटे तांबड्या मुंग्यांनी दोघींना फोडून काढलं. नलूनं भोकाड पसरलं. आईनं आम्हांलाही उठवलं आणि सगळ्यांना गोधड्या झटकायला अंगणात काढलं. थंडीनं आमचे दात वाजताहेत आणि ती तुझ्या नावानं खडे फोडतेय की इंदे, तुझ्या साखरेला आग लागो, तुझ्या त्या मडमेला... एवढ्यात जमीन हलली. बघता बघता निळं दार आत गेलं आणि त्यावर पत्रा आला. आईची शिवी तोंडात अर्धीच राहिली. ती आजपर्यंत अर्धीच आहे.

मारुतराव परवा पोचले. मला मिठी मारून लहान पोरासारखे रडले. इंदूला सांगू नका म्हणाले, म्हणून मुद्दाम सांगतोय. तारापूरच्या कामावर माझ्यासाठी शब्द टाकणार आहेत. या वेळी आई नाही म्हणाली नाही.

काल इथं रेशन वाटलं. आईनं स्वतःच्या वाट्याची साखर कागदात बांधून मारुतरावांच्या पिशवीत टाकली. म्हणाली, इंदीला म्हणावं आणखी एक बरणी कर, आणि झाकण तसंच कच्चं ठेव. नलूचा निरोप वेगळा आहे. तिला आत घर नकोय.

तुझा,
दादा


सालवड
ता. २३ डिसेंबर १९६७

तीर्थरूप दादास,
इंदूचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र जमनाच्या ओसरीवर बसून वाचलं. मी रडतेय बघून ती घाबरली, मग सगळं ऐकून तिनंच डोळ्याला पदर लावला. म्हणाली की मुंग्यांना आता कोणी मारायचं नाय. सुटले बाई एकदाची! इतक्या रात्रींची झोप मी एका दुपारी झोपले. हेही काल सुखरूप आले. रडल्याचं मी काही बोलले नाही, नुसती बघून हसले, तर लगेच म्हणाले, रामकिसनरावांनी सांगितलं ना?

आईच्या साखरेचा पाक केला, बरणी तयार आहे. आत घर नाही, नुसतं अंगण आहे. अंगणात मातीची चार माणसं. नलू तुझ्या कडेवर, वहिनी शेजारी, आणि आईच्या हातात गोधडी. तिचं तोंड मी उघडंच ठेवलंय.

टपालानं पाठवणार नाही, घ्यायला इथंच या. फळीवर ठेवलीय आणि आजच मुंग्यांची रांग लागलीय, मी झटकली नाही. आईला म्हणावं, ती अर्धी राहिलेली शिवी माझ्या दारात उभी राहून पुरी कर.

तुझी,
इंदू