शून्य आलेला कागद

वसंता, शहाण्या,

मेलेल्या मानसाला पत्र लिहायची हौस मला न्हाई. दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी, एकेक अक्षर काढताना बोटं दुखत्यात. पन काल पुण्याहून तुझे सर तुझी वही न्यायला आले, आन जाताना माझ्या गळ्यात धोंडा बांधून गेले.

नेवाशाच्या एस्टीतून उतरून उन्हात चालत आले. बूट काढला तर मोज्याला हे भोक! कुठल्या आकाराला किती भोकं, हेच म्हनं तुमचं गनित. म्हनलं, दुनियेची भोकं मोजनाऱ्याला सोताच्या पायातलं दिसंना!

तू तरी कुठं निराळा हुतास? सुट्टीला आलास की माझ्या डोक्यावरची चुंबळ काढून घ्यायचास. "आजी, बघ, हिच्या मधून एक भोक आरपार." अरे, त्या चुंबळीवर हंडा ठेवून मला टँकरच्या रांगेत जायचं हुतं! दुष्काळात सारं गाव खडी फोडतंय आन माझा नातू भोकं मोजतोय. लोकांना सांगू काय?

एकदा म्हनालास, आकारामागं आकार रचत जायचं, न संपनारे, ते म्हंजे स्पेक्ट्रम. त्यांचा गुनाकार जमला की रिंग स्पेक्ट्रम. "आन ह्या गनितात एक आन एक शून्य, जोडी जमली की पुसली." मी म्हनलं, "व्हय का? मग दोन भाकरी खाल्ल्यास, शून्य झाल्या. ऊठ ताटावरून." तू तिसरी उचललीस. म्हनालास, "आता एक झाली!"

तापात तरी गप पडावं का न्हाई? अंग तव्यावानी, आन डोकं वहीत. डॉक्टरकडं चल म्हनलं तर "एवढं पान हुऊ दे." पान झालं. तू बी संपलास.

काल सरांनी वही चाळली. एक पान फाडलेलं. "आजी, इथलं पान?"

"चुलीत."

मानूस पांढरा पडला.

खोटं कशाला बोलू? तुझा काढा उकळायचा हुता, काटक्या पेटंनात. ते पान तुझ्या उशाशी सुटं पडलेलं. भरून गिचमीड, आन तळाला थोरलं शून्य, त्याला दोन येढं. मला वाटलं, पोराचं गनित बुडालं. शून्य आलेला कागद कोन जपतं रे?

सरांना हे सांगितलं तर फाडलेल्या कडेवर बोट ठेवून म्हनाले, "आजी, तेच शून्य हवं होतं. तिथं काही उरलं असतं तर गुणाकार जमलाच नसता. शून्य आलं म्हणजे त्याचं पुढचं सगळं खरं. नक्की शून्यच होतं ना?"

"मला शून्य कळत न्हाई व्हय?"

"तुमच्यावर विश्वास आहे. पण गणितात साक्ष चालत नाही. पुन्हा मांडावं लागेल."

काय हे शास्तर! डोळ्यांनी बघितलेल्याला मोल न्हाई!

आन तू! "आजी, हे जप," एवढं बोलायला तोंड न्हवतं? कागद गेला तो गेला, काढा सुदिक अर्धाच पिलास.

वही मी दिली न्हाई. सरांना सांगितलं, दिवाळीला या, हितं माझ्यासमोर बसून मांडा. भाकर देईन, मोजा शिवून देईन, पन शून्य येस्तवर उठू देनार न्हाई. आन आलं, की तळाचं शून्य मी माझ्या हातानं काढीन, दोन येढं देऊन. तेवढा एक आकडा मला येतो.

तुझी,
चूल पेटवनारी आजी