त्या गृहस्थांचं पोकलेन

प्रिय थीरामावशी,

पाकिटावर माझं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे तुझा गुडघा जरा बरा असावा आणि राग निदान उतरणीला लागलेला असावा, असं धरून चालतो. कोंबड्या कशा आहेत? तुमच्या मोर्स बेटावर वारा फार सुटलाय असं रेडिओवर ऐकलं, तेव्हापासून तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीची ती फट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बुजवून घे. इकडे सगळे ठीक. माझी बायको कर्ना (जी तुला माझ्यापेक्षा जास्त आवडते, आणि मलाही ते पटतं) तुझी आठवण काढते. आणि आधीच सांगून टाकतो की मी काही मागायला लिहीत नाहीये. नुसती खुशाली.

आईच्या मयतीनंतर कॉफी पिताना तू मला बजावलं होतंस की त्या माणसाचं नाव तुझ्यापुढे पुन्हा काढायचं नाही. ते मी पाळतो. म्हणून या पत्रात माझ्या वडिलांना मी 'ते गृहस्थ' असं म्हणेन. तुमच्या गावचं समाजमंदिर नगरपालिकेच्या हुकमावरून ज्या पोकलेनने पाडलं, ते पोकलेन ते गृहस्थ चालवत होते. तू तिथल्या कमिटीची अध्यक्ष होतीस. तुझ्या लग्नातला नाच तिथल्याच फळ्यांवर झाला होता. हे सगळं मला तोंडपाठ आहे. मी कुणाचीच बाजू घेत नाही. बाजू घ्यायची वेळ आली की मी खोलीबाहेर सटकतो, हे तुला माझ्या लहानपणापासून माहीत आहे.

तर ते गृहस्थ गेल्या शरदात वृद्धाश्रमात राहायला गेले आणि त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. ते आधीही काही बडबडे नव्हते (आपल्या जटलंडात 'हं' म्हणणारा माणूससुद्धा वाचाळ ठरतो), पण आता तो हंही गेला. दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या पार्किंगकडे पाहत राहायचे. मी हाउजी करून पाहिली, भजनी मंडळ आणलं, शेजाऱ्यांची गाणारी कनारी चिमणी पिंजऱ्यासकट उचलून नेली. कनारीसुद्धा तिथे गप्प झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, त्यांचं ज्याच्यावर प्रेम होतं असं काहीतरी शोधा. आता त्यांचं प्रेम दोनच गोष्टींवर होतं. एक आई, आणि दुसरं ते उंच मानेचं, पाडकामाचं पोकलेन. आईच्या बाबतीत काही करता येण्यासारखं नव्हतं.

म्हणून मी माळ्यावरचे, एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे डबे खाली काढले. मोठ्या माणसाने ठोकळे जोडत बसण्यात आपल्याकडे कुणाला लाज नाही, निम्मा देश जोडतो. फक्त उरलेल्या निम्म्यात मी आहे. साधं घर केलं तरी माझं दार छताला उघडतं. आणि इथे तर अख्खं पोकलेन करायचं, दोन पट्ट्यांना दोन मोटारी, वरचा भाग फिरवायला एक, मान उचलायला एक, जबडा मिटायला एक, आणि हे सगळं चालवायला रिमोट. मान उंच झाली की पुढे वजन जास्त व्हायचं, आणि घोडं पेंड खायचं ते तिथेच. पहिल्याच दिवशी यंत्राने मान वर केली, क्षणभर विचार केला आणि तोंडावर पडलं, ते थेट पावाला लावायच्या लिव्हरच्या पेस्टमध्ये. मागे वजन वाढवलं तर पट्टे फतकल मारून बसले. ते सरळ केले तर डावी कळ दाबली की यंत्र उजवीकडे वळायला लागलं, आणि एकदा तर कुणी काहीही दाबलेलं नसताना गर्रकन फिरून त्याने हेरिंग माशांची बरणी टेबलाखाली घातली. सगळा हिवाळा कर्ना इस्त्रीच्या टेबलावर जेवली. ती मला काहीच बोलली नाही. त्यामुळे मला जास्त भीती वाटत होती.

अखेर ते चाललं. मी ते मांडीवर घेऊन बसने गेलो (गाडीच्या डिकीत ठेवायचा धीर झाला नाही) आणि आश्रमाच्या जेवणघरात त्या गृहस्थांपुढे ठेवलं. त्यांनी ते चोहोबाजूंनी फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "माझं इतकं पिवळं नव्हतं." मावशी, किती महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकला. मग त्यांनी रिमोट हातात घेतला आणि विचारलं, "पाडायचं काय?"

अख्खा हिवाळा मी पाडणारं यंत्र बनवलं आणि पाडायला साधी भिंतसुद्धा नेली नव्हती. मी नुसता इकडेतिकडे बघायला लागलो. शेजारच्या टेबलावर दाग्नीबाईंचा वाढदिवस चालला होता. क्रीमचे थर दिलेला केक, त्यावर वाढदिवसाला लावतात तो आपल्या देशाचा कागदी झेंडा. ते गृहस्थ यंत्र घेऊन शांतपणे तिकडे निघाले. आधी जबड्याने झेंडा अलगद उचलला आणि बशीत आडवा ठेवला (झेंडा खाली पडू द्यायचा नाही, एवढं भान त्यांना होतं), आणि मग केक वरून खाली, मजल्यामागून मजला, रीतसर उतरवला. मलबासुद्धा एका बाजूला. मी माफीची वाक्यं जुळवत होतो. तेवढ्यात दाग्नीबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अहो, माझी लहानपणची वसतिशाळा पाडाल का?"

पुढच्या गुरुवारी दाग्नीबाईंनी ठोकळ्यांची शाळा बांधून आणली. मुख्याध्यापिकेच्या खोलीसकट. ती पडली तेव्हा दाग्नीबाईंनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांचा डावा हात वर जात नाही म्हणून गेली दोन वर्षं मालीश चालू आहे. मग रांगच लागली. निवृत्त पोस्टमास्तरांनी करवसुली कचेरी आणली. दोघा बहिणींनी मिळून दाताचा दवाखाना. ते गृहस्थ प्रत्येकाला खुर्ची देतात, आधी नीट चौकशी करतात, "आत कुणी आहे का?" आणि आत जो ठोकळ्यातला चिमुकला माणूस असेल त्याला बाहेर काढून मगच यंत्र चालू करतात. फक्त दाताच्या डॉक्टरला काढायला बहिणींनी नाही म्हटलं. तिथे थोडी वादावादी झाली, पण डॉक्टर वाचला.

हे असंच चाललं असतं, पण पोस्टमास्तरांनी हौसेने दुसरी इमारत आणली, ती जावयाचा नवा बंगला. आणि नेमका त्याच गुरुवारी जावई त्यांना भेटायला आला. त्याने आपला बंगला गच्चीवरून ओळखला. (पोहण्याच्या तलावावरूनही. पोस्टमास्तरांनी त्यात खरं पाणी भरलं होतं.) दुसऱ्या दिवशी व्यवस्थापिका लिस्बेतबाईंनी मला बोलावून घेतलं. मी कोट उलटा घालून गेलो. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "त्रोल्स, लोकांनी इथे शांतपणे राहावं अशी आमची इच्छा आहे. ही पाडापाडी म्हणजे काही शांतता नव्हे." ते गृहस्थ शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "पाडून झाल्यावर फार शांत होतं, बाई."

त्याचा उपयोग झाला नाही. लिस्बेतबाईंचा निकाल असा की पुढच्या गुरुवारपर्यंत त्या गृहस्थांनी स्वतः काहीतरी बांधून दाखवावं, काहीतरी चांगलं, आनंदाचं. नाहीतर यंत्र कपाटात जाईल. आणि यंत्र कपाटात गेलं की ते गृहस्थ परत खिडकीशी जातील, हे मला डोळ्यांपुढे दिसतंय. ज्या माणसाने जन्मात पक्ष्यांचं घरटंसुद्धा बांधलं नाही, तो काय बांधणार? पण ते दार लावून बांधतायत, एवढं खरं. गुरुवार तर कालच गेला, उरलेला आठवडा माझा कसा जाणार कुणास ठाऊक.

असो. तू तब्येतीला जप. खिडकीचं बघ. मी काही मागत नाहीये.

तुझा, काळजीने अर्धा झालेला,
त्रोल्स

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, त्यात चार दिवस गेले. बांधून झालंय. तुमचं समाजमंदिर आहे. तांबडं छप्पर, पायऱ्या, मागचा पडवीसारखा भाग, सगळं. दारात एक बाई उभी केलीय, हातात कॉफीची किटली. पाडकामाच्या दिवशी तू अशीच किटली घेऊन दारात उभी राहिलीस, माणूस खाली उतरेल, कॉफी घेईल, दोन शब्द बोलता येतील म्हणून. आणि ते उतरले नाहीत, हे तू मला कितीदा सांगितलंयस. पायऱ्यांपाशी त्यांनी एक पोकलेन उभं केलंय. त्याची खुर्ची रिकामी आहे. माणूस खाली उतरलेला आहे.

ता. क. २. लिस्बेतबाईंना फार आवडलं. पण पोस्टमास्तरांनी विचारलं की हे पाडायचं कधी, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "गुरुवारी. पण कळ माझी मेहुणी दाबेल. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही." सगळ्यांना सांगून बसलेत. दाग्नीबाईंनी तुझ्यासाठी पुढची खुर्ची धरून ठेवलीय. तेव्हा मी मघाशी म्हटलं ते खोटं होतं, मी मागतोय. गुरुवारी दुपारी ये. कर्ना तुला होडीवरून आणायला येईल.

ता. क. ३. हे फक्त तुला सांगतो. काल मी त्याची धूळ झटकायला गेलो आणि छपराचा एक ठोकळा उचलला, तर भिंती, जमीन, पायऱ्या, तू आणि किटली, सगळं अख्खं वर आलं. बाबांनी (हे नाव नाही, नातं आहे, तेव्हा चालावं) आतून डिंक लावलाय. ठोकळे सुटे व्हावेत म्हणून तर ते असतात, त्यांना डिंक लावणारा माणूस आपल्याकडे तोंड दाखवत नाही. पण त्यांनी लावलाय, एकेका ठोकळ्याला. यंत्राचा जबडा मोडेल, समाजमंदिर हलणार नाही. तू कळ जोरात दाब, मावशी, हवी तितकी दाब. आणि पडलं नाही की जरा नवल केल्यासारखं कर, कारण हे कुणालाच कळलेलं नाही असं बाबांना वाटतंय.