एका लग्नाच्या दोन रेघा

मंगळवार, ता. ११

प्रिय धाकटे,

तुझे पाय अजून सुजतात का? दुपारी उशीवर ठेवून पडत जा. इकडे आम्ही ठीक आहोत. मुंगीला परवा सहावा दात आला आणि तिने लगेच व्यायाम घेणाऱ्या बाईंचा अंगठा चावून त्याचं उद्घाटन केलं. बाई ओरडल्या, मी मात्र खूश. पावणेदोन वर्षांची पोर अजून मान धड सावरत नाही, पण चावायचं कळलं म्हणजे काहीतरी कळलं. छापखान्यात शाळेच्या पुस्तकांचं काम आलंय. दिवसभर लाल पेन घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढते. त्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे तू जाणतेसच.

तू म्हणशील, रोज फोन होतो आणि ताईला पत्राचं हे काय खूळ! फोनवर तू "मुंगी कशी आहे" विचारतेस, मी "मस्त" म्हणते, की तू लगेच तुझ्या पोटावर येतेस. आणि आज जे सांगायचंय ते तोंडाने सांगायला गेले, तर अर्ध्यातच मी स्वतःची वकिली करायला लागेन. कागदावर निदान खोडता येतं.

तर ऐक. हे पत्र मिळेपर्यंत तुला इथल्या हॉस्पिटलातून फोन आलेला असेल. मुंगीचा आजार तुझ्या बाळालाही असू शकतो, तुमची दोघांची रक्ततपासणी लगेच करायची, असं त्यांनी सांगितलं असेल. भाऊजींनी घर डोक्यावर घेतलं असेल. हे तुला सव्वीस दिवस आधी कळायला हवं होतं. कळलं नाही, ते माझ्यामुळे.

मुंगीचा जनुकांचा रिपोर्ट तेव्हाच आला. तुला मी फोनवर "काही विशेष नाही" म्हणाले होते, आठवतं? होतं विशेष. एक बिघडलेलं जनुक माझ्याकडून आलंय, तेच ह्यांच्याकडूनही. एकच आलं तर काही होत नाही, माणूस माझ्यासारखा धडधाकट राहतो. दोन्हीकडून आलं, की बाळाच्या मेंदूला एक साधं जीवनसत्त्व नीट वापरता येत नाही आणि जन्मल्यापासून झटके सुरू होतात. मुंगीला ते चौदाव्या महिन्यात मिळालं आणि झटके त्याच दिवशी थांबले. पण चौदा महिने ते डोकं जळत होतं, ते काही परत यायचं नाही. तू तेव्हा म्हणाली होतीस, "बघ ताई, शेवटी एका गोळीचं काम होतं!" तू आनंदाने म्हणालीस. मला मात्र ते अजून पचलेलं नाही.

रिपोर्ट समजावायला एक बाई होत्या. त्या घराण्याचा तक्ता काढतात, बाईला गोल आणि पुरुषाला चौकोन. हे मुंगीला घेऊन बाहेर फेऱ्या मारत होते, आत मी एकटीच. बाईंनी विचारलं, "तुम्हाला भावंडं?"

"एक धाकटी बहीण."

"लग्न झालंय?"

"हो. सध्या गरोदर आहे."

त्यांनी माझ्या बाजूला तुझा गोल काढला आणि रेघ ओढून एक रिकामा चौकोन जोडला. मग विचारलं, "यजमानांना?" म्हटलं, एक धाकटा भाऊ, त्याचंही लग्न झालंय. दुसऱ्या टोकाला भाऊजींचा चौकोन, त्याला रेघ, आणि एक रिकामा गोल.

आपलं घरच तसं. मी तुझ्या नवऱ्याला भाऊजी म्हणते, तू माझ्या नवऱ्याला भाऊजी म्हणतेस, आणि एका हाकेला दोन्ही पुरुष ओ देतात. दोन बहिणी दोन भावांना दिल्या हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार? तिच्या कागदावर तुमचं लग्न दोनदा लागलं, आणि दोन्ही वेळा परक्याशी.

मला चूक दिसली. पानावर उलटलेली वेलांटी मला हातभरावरून दिसते, ही तर हातभर लांब चूक होती.

बाई म्हणाल्या, "बहीण गरोदर आहे म्हणता, पण तिला फारसा धोका नाही. तिचा नवरा नात्यातला नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

आता तूच सांग, खोटं बोलले का? भाऊजी तुझ्या रक्ताचे नाहीतच. शब्दाला शब्द बरोबर होता. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "धाकटीला सांगायला हवं का गं?" मी म्हटलं, "सांगितलंय मी." हे मात्र धडधडीत खोटं. त्यांनी विश्वास ठेवला.

का केलं? मला तुझा हेवा वाटतो म्हणून. जावा-जावा उभा दावा म्हणतात. आपल्यात कधी दावा नव्हता, पण माझ्या पोटात होता. तुझ्या पोटाचे फोटो आले की मी "गोड" लिहायची आणि फोन उपडा ठेवायची. तू पाळण्याचा रंग विचारलास तेव्हा मी मुंगीला नाकातल्या नळीतून दूध देत होते. मला वाटलं, राहू दे हिला थोडी अंधारात. मलाही कोणी आधी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर गेल्या गुरुवारी तुझा मेसेज आला. "ताई, बाळ आत एका ठेक्यात ठकठक करतं, पाच-पाच मिनिटं थांबतच नाही. हे म्हणतात तबलजी होणार!"

मुंगीही तशीच करायची. सासूबाई म्हणायच्या, नाचरी होणार. ती नाचत नव्हती. पोटातच तिला झटके येत होते, असं आता डॉक्टर म्हणतात.

तुझा मेसेज वाचला आणि पहिल्यांदा मला काय वाटलं ते लिहिते. मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. चला, आता हिलाही कळेल. मग दुसरा विचार आला आणि तो पहिल्याहून वाईट होता. हिच्या बाळाला पहिल्या दिवसापासून औषध मिळेल. माझ्या पोरीने चौदा महिने भोगलं म्हणून डॉक्टरांना ते ठाऊक आहे, आणि तुझं बाळ आयत्या बिळावर नागोबा! सायकलवर गुडघे माझे फुटले आणि शिकलीस तू. आजारातसुद्धा बाजी तुझीच. एक अजून न जन्मलेलं पोर वाचेल, ह्याचा मला राग आला, धाकटे. चार दिवस तो राग घेऊन मी भाजी चिरली, मुद्रितं तपासली, तुझ्याशी फोनवर हसले.

काल मुंगीला आंघोळ घालताना तिचे पाय माझ्या हातात होते. चांगले भरलेले, गुबगुबीत, आणि दोन्ही लुळे. मनात आलं, मला हे अजून एका पोराला करायचंय का? उत्तर लगेच आलं नाही, तेव्हा मला माझीच भीती वाटली.

आज सकाळी त्या बाईंकडे गेले. तक्ता मागितला, माझं पेन काढलं, आणि ह्या टोकाच्या तुझ्या गोलापासून त्या टोकाच्या भाऊजींच्या चौकोनापर्यंत रेघ ओढली. म्हटलं, "ह्या दोघांचं लग्न झालंय."

बाई दचकल्या. "कधी?"

"सहा वर्षांपूर्वी. मी तिथे होते. नवरी मीही होते."

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी हिशेब मांडला, सोळात एक, मग मी त्या ठेक्याचं सांगितलं तसा तो मांडायचाही सोडला आणि तुझा नंबर घेतला. म्हणाल्या, तपासणीचा निकाल यायला वेळ लागेल, पण तोवर थांबायचं नाही. तुमचे डॉक्टर बाळाला जन्मतःच ते औषध सुरू करू शकतात. मी गप्प राहिले असते, तर तुला कधीच कळलं नसतं की मला ठाऊक होतं. तरी तुला कळावं म्हणून हे लिहिलं. बाकीचं त्या सांगतील, एवढंच त्या सांगू शकत नाहीत.

रागव. बोलू नकोस माझ्याशी. भाऊजींना आणि ह्यांना दोघांनाही वाचून दाखव. पण मी सांगितलं म्हणून चिडून पहिल्या दिवसाचं औषध चुकवू नकोस.

आता खाली आशीर्वाद लिहायचा असतो. "अनेक उत्तम आशीर्वाद" असं लिहून पाहिलं, ते मलाच खोटं वाटलं. मग तीन शब्द लिहिले. ते चारदा खोडले, पाचव्यांदा ठेवले आहेत.

तुझं बाळ धावो.

ताई